काचेआडचा कातळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मंगलप्रसंगी शिक्षण, संस्कार, परप्रांतातील मातृभाषा या विषयांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते उचितच आहे. आजचा विषय मात्र घराच्या एका कोपऱ्यातला आहे. घरगुती मत्स्यालय स्वतः उभारणे आणि त्याच्या मागच्या काचेला लावायचा कातळ आपल्या हातांनी घडवणे, हा तो विषय. वरवर पाहता हा सुटीतला छंद. परंतु त्यात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, गवंडीकाम आहे आणि मुख्य म्हणजे आपल्या बऱ्यावाईट कामाचे फळ भोगणारा एक मुका जीव आहे. पालकांनी मुलांच्या सोबतीने करावे असे याहून चांगले काम सहसा सापडणार नाही.

पुष्कळ घरांतली नेहमीची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. मूल माशांचा हट्ट धरते. रविवारी बाजारातून काचेची टाकी येते, दोन प्लास्टिकची झाडे येतात, मागे चिकटवायला निळ्या समुद्राचे छापील चित्र येते, आणि त्याच संध्याकाळी पिशवीतले मासे टाकीत सोडले जातात. तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होते. आठवड्याच्या आत एक मासा उलटा होऊन तरंगू लागतो. पंधरवड्यानंतर रिकामी टाकी माळ्यावर जाते आणि रडवेल्या मुलाला सांगितले जाते, ‘मासे नाजूकच असतात, बाळ.’ हे सांगणे प्रेमाचे असले तरी खरे नसते. ते मासे नाजूकपणामुळे मेलेले नसतात. त्यांच्यासाठी पाणी तयार झालेलेच नसते. मुलाला हे खरे कारण कळावे, आणि शक्य तर तो मासा मरूच नये, यासाठी काय करावे लागते, एवढेच आज सांगायचे आहे.

या छंदाचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्याने एका पात्रात गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या होत्या. झाडाची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके भाग खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा हिशेब जुळला की पाणी टिकते, हे त्याने दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचे मत्स्यालयावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये या छंदाचे अक्षरशः वेड पसरले. पुढे गॉसच्याच मुलाने खेदाने लिहून ठेवले आहे की, हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून ओसाड करून टाकली. म्हणजे हा छंद जन्मला तेव्हाच त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या होत्या. एक वॉरिंग्टनची, पाण्याचा हिशेब मांडणारी, दुसरी ओरबाडणारी. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. आजोळी मुंबईला गेलेल्या अनेक मुलांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच.

कृत्रिम खडकाची परंपराही जुनी आहे. जर्मनीतल्या हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये पिंजऱ्याचे गज नसलेले प्राणिसंग्रहालय उघडले. तेथील भव्य खडक उर्स एगेनश्वायलर या स्विस शिल्पकाराने घडवले होते. प्राण्याला चढायला, आडोसा घ्यायला जागा मिळावी आणि पाहणाऱ्यालाही तो त्याच्या परिसरात दिसावा, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. घरातल्या टाकीचा कातळ याच कुळातला. तो केवळ शोभेसाठी केला तर छापील चित्र काय वाईट? परंतु चित्रात माशाला लपता येत नाही. घाबरलेल्या माशाला पाठीशी काहीतरी घन लागते, प्रवाहापासून आडोसा लागतो, रात्री टेकायला कपार लागते. म्हणून कातळ घडवताना बसायचे टाकीसमोर असले, तरी विचार टाकीच्या आतून करायचा असतो.

प्रथम टाकीचे माप ठरवावे. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी घेतली, तर तीत सुमारे १८० लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काच, वाळू, दगड मिळवले की एकूण भार अडीचशे किलोच्या घरात जातो. चार प्रौढ माणसे एकाच टेबलावर रात्रंदिवस उभी आहेत असे समजावे, आणि त्या हिशेबाने लोखंडी चौकट करून घ्यावी. चौकट जमिनीला समतल हवी आणि काचेखाली थर्मोकोलचा पातळ थर हवा, म्हणजे एखाद्या बारीक खड्यावर काचेचा भार येऊन तडा जात नाही.

काचेवरचा रेटा पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, हा शाळेत शिकलेला सिद्धांत येथे प्रत्यक्ष भेटतो. वरील टाकीच्या समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे ९० किलो वजनाइतका असतो. लांबी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर तो रेटा चौपट होतो. उंच टाकी दिसायला ऐटदार असली तरी पहिल्या प्रयत्नाला बुटकी, पसरट टाकी बरी, ती यामुळे. माशालाही पोहायला लांबी हवी असते आणि हवेशी संपर्क येणारा पाण्याचा पृष्ठभाग मोठा हवा असतो. या मापाला निदान ८ मिलिमीटर जाडीची काच घ्यावी. १० मिलिमीटरची घेतल्यास अधिक निश्चिंती. काच कापणे आणि जोडणे हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे, यात कमीपणा नाही. सिलिकॉन मात्र पूर्ण शुद्ध आणि बुरशीनाशक न मिसळलेले आहे ना, एवढे आवर्जून पाहावे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असते आणि ते माशांना विषारी ठरते. जोड एक आठवडा सुकू द्यावा, मग टाकी अंगणात किंवा गच्चीवर दोन दिवस भरून ठेवावी. गळायची असेल तर ती तेथे गळावी.

आता मुख्य काम, कातळ. हत्यार हाती घेण्यापूर्वी खरा दगड पाहावा. आपल्या माळव्यातल्या मुलांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जो काळा दगड तयार झाला, तो सह्याद्रीत आहे तसाच माळव्याच्या पठाराखालीही आहे. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी घाटावरून इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांना भाषा नवी ऐकू आली असेल, पण पायाखालचा दगड ओळखीचाच लागला असेल. पातालपानीच्या धबधब्याचा कडा सुरक्षित अंतरावरून न्याहाळावा, म्हणजे ते थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून. मुलाने वही घेऊन तेथे बसावे आणि पाहावे. आडव्या भेगा लांब आणि उभ्या भेगा आखूड आहेत का? कोपरे धारदार आहेत की झिजलेले? दगड सगळीकडे काळा आहे, की जेथे पाणी मुरते तेथे तांबूस आणि उन्हात राखाडी? नवशिक्याच्या हातून बहुधा बटाट्यांच्या राशीसारखा खडक तयार होतो, कारण त्याच्या मनात ‘दगड’ हा शब्द असतो, पण दगड पाहिलेला नसतो.

कातळाचा गाभा थर्मोकोलचा. पाच सेंटिमीटर जाडीचे फलक एकमेकांना सिलिकॉनने चिकटवून हवी तेवढी जाडी मिळते. टाकीच्या तोंडाशी आधारासाठी काचेच्या पट्ट्या असतात, त्यामुळे एकसंध कातळ आत जात नाही. तो दोन-तीन तुकड्यांत करावा आणि सांधे भेगांच्या रेषेत घ्यावेत, म्हणजे ते ओळखू येत नाहीत. कोरण्यासाठी धारदार सुरी आणि करवतीचे पाते पुरते. काही जण थर्मोकोल आच देऊन वितळवतात, पण त्याचा धूर अपायकारक असतो. मुले सोबत असताना तो मार्ग घेऊच नये. कोरताना उडणारे पांढरे कण चादर अंथरून तिच्यावर गोळा करावेत. ते वाऱ्याने नाल्यात गेले तर माशांसाठी आरंभलेले काम माशांच्याच पोटात जाईल. फिल्टरच्या नळीसाठी आणि माळव्याच्या थंडीत लागणाऱ्या हीटरसाठी खाचा आधीच ठेवाव्यात. ज्या फटीत मासा शिरेल पण वळू शकणार नाही, अशी फट कातळात राहू देऊ नये.

कोरलेल्या थर्मोकोलवर सिमेंटचे तीन-चार हात द्यावेत. पहिला हात ताकासारखा पातळ, म्हणजे तो बारीक छिद्रांत शिरून धरून राहतो. पुढचे हात चाळलेल्या बारीक वाळूसह दाट करत जावे आणि शेवटच्या हातात फरशीसाठी वापरतात ते काळे व तांबडे ऑक्साइड अगदी बेताने मिसळावे. ओल्या स्पंजाने टिपत गेले की दगडाचा खरखरीत पोत येतो. एका हातानंतर दुसरा द्यायला एक दिवस जाऊ द्यावा. पुढे सात दिवस ओले गोणपाट टाकून तुकडे भिजते ठेवावेत. सिमेंट वाळून कठीण होते असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः त्याचा पाण्याशी संयोग होऊन ते कठीण होते. स्लॅब टाकल्यावर गवंडी त्यावर पाण्याची तळी करून ठेवतो, ते याच कारणाने.

येथे कातळ दिसायला पूर्ण होतो आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटत राहतो. नव्या सिमेंटच्या संपर्कातील पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ११-१२ पर्यंत चढतो. नळाचे पाणी ७ ते ८ च्या दरम्यान असते. म्हणून हे तुकडे मोठ्या टबात, वर दगड ठेवून, पूर्ण बुडवून ठेवावेत आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. वर दगड हवाच, कारण थर्मोकोल पाण्याखाली राहायला तयार नसतो; दहा लिटर आकारमानाचा तुकडा जवळजवळ दहा किलोच्या जोराने वर उसळी घेतो. आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ करून गुण मिळवलेल्या मुलाने तो तुकडा एकदा स्वतःच्या हाताने पाण्याखाली दाबून पाहावा.

प्रत्येक वेळी पाणी बदलण्यापूर्वी टबातला सामू मोजून मुलाने वहीत लिहावा. शेजारी एका पेल्यात नुसते नळाचे पाणी झाकून ठेवावे आणि त्याचाही सामू लिहावा. दोन आकडे सलग दोन-तीन वेळा सारखे आले की चुना सुटणे थांबले. याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित नमुना म्हणतात, तो हाच पेला. पाठ्यपुस्तकातल्या त्या कोरड्या शब्दाचा अर्थ मुलाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर कळतो. त्यानंतर तुकडे पुसून, वाळवून, स्वच्छ काचेला सिलिकॉनने पक्के चिकटवावेत आणि आणखी एक आठवडा थांबून टाकी भरावी.

टाकी भरली तरी मासे आणण्याची वेळ झालेली नसते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो, टाकीत साठतो. काही सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. हे जीवाणू विकत आणलेल्या कोऱ्या टाकीत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, खरखरीत कातळावर ते हळूहळू वस्ती करतात. रविवारी आणलेला मासा शनिवारी मेला, तो या वस्तीच्या अभावी.

आणि येथे चुन्याचा धागा पुन्हा येऊन मिळतो. पाण्यातल्या अमोनियाचा किती अंश विषारी रूपात राहतो, हे सामूवर ठरते. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात सामू ७ असेल तर तो अंश अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ असेल तर सुमारे पाच टक्के आणि ९ असेल तर छत्तीस टक्के. म्हणजे चुना न काढलेला कातळ स्वतः तर अपाय करतोच, शिवाय टाकीतला साधा अमोनियाही अनेक पटींनी जहाल करतो. बाहेरून दोन्ही कातळ सारखेच सुंदर दिसतात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक फक्त मुलाच्या वहीत दिसतो.

म्हणून रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे. बाजारात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचण्यांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते; नायट्रेट दिसू लागून पहिले दोन्ही शून्यावर टिकले की वस्ती झाली. यास चार ते सहा आठवडे लागतात. वार्षिक परीक्षेनंतर एप्रिलमध्ये कामाला हात घातला, तर मासे यायला जुलै उजाडतो. या तीन महिन्यांत मूल अनेकदा विचारते, ‘आणायचे का आता?’ त्या वेळी पालकाने आपल्या अधिकाराने ‘नाही’ म्हणू नये. ‘वहीत काय लिहिले आहे, पाहू या,’ एवढेच म्हणावे. निर्णय आकड्यांनी द्यावा आणि तो मुलाने वाचावा.

मासे निवडताना मोहाला आवर घालावा. काचेच्या लहानशा भांड्यात गोल्डफिश ठेवणे ही क्रूरताच आहे. तो वीतभर वाढणारा आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकणारा मासा आहे. मध्यप्रदेशचा राज्यमासा महाशीर नदीतच शोभतो. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा देखणा मासा पश्चिम घाटातल्या मोजक्याच नद्यांत आढळतो. त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सह्याद्रीचेच नाव दिले. परंतु निसर्गातून बेसुमार पकडला गेल्याने तो आज संकटग्रस्त आहे, तेव्हा तो नदीतून धरून आणलेला असेल तर घेऊ नये. आरंभाला झेब्रा डॅनिओ उत्तम. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा हा बोटभर मासा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. आपल्या क्षिप्रेचे पाणी चंबळ आणि यमुनेच्या वाटेने त्याच गंगेला मिळते. आधी सहा मासे आणावेत, पंधरा दिवस चाचण्या पाहाव्यात, मग आणखी.

पुढचा नेम सोपा आहे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, तेही क्लोरीन घालवून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळावा, नाहीतर जीवाणूंची वसाहत धुऊन जाते. आणि कधी छंद सोडायची वेळ आली, तर मासे तलावात किंवा नदीत सोडू नयेत. दया म्हणून सोडलेल्या परदेशी सकर माशांनी भारतातल्या अनेक जलाशयांत बस्तान बसवले आहे, आणि त्याची किंमत तेथले मूळचे मासे मोजत आहेत. दुसऱ्या पाळणाऱ्याला देणे हाच योग्य मार्ग.

काही महिन्यांनी कातळावर हिरवट शेवाळ धरते. रंगाचे ठिपके, स्पंजाचे ठसे झाकले जातात आणि तो घरात घडवला आहे हे पाहुण्यांच्या ध्यानातही येत नाही. दिवे मालवल्यावर एखादा मासा मुलाने कोरलेल्या कपारीत जाऊन स्थिर राहतो. त्या माशाला कोणाच्या मेहनतीची जाणीव नसते आणि असण्याचे कारणही नाही. मुलाला मात्र ठाऊक असते की, ही कपार का खोल ठेवली, किती दिवस भिजवली आणि कोणता आकडा येईपर्यंत आपण थांबलो.

शाळा गुणपत्रिका देते, आणि ती आवश्यक आहे. परंतु आपल्या थांबण्यावर दुसऱ्या जिवाचे जगणे अवलंबून होते आणि आपण थांबलो, याची नोंद घरातल्या वहीतच होऊ शकते. येत्या सुटीत निदान काही घरांतून अशी एखादी वही सुरू व्हावी, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी आणि पालक यांना विनंती.